देवबागच्या काठावर दोन दिवस: जॅकेट, दोर आणि मागे बघणारा खलाशी

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही घरचे सात जण सांगलीहून मालवणला गेलो होतो. मुक्काम देवबागला होता. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसलेले आहे. बनाना राइड, बंपर राइड, जेट स्की, पॅरासेलिंग हे सगळे खेळ याच संगमाच्या परिसरात आणि लोक ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात त्या वाळूच्या बेटाच्या आसपास चालतात. पहिल्या दिवशी आम्ही एका केंद्रात गेलो आणि तिथे जे घडले त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रात गेलो, म्हणून हे परीक्षण दोन्ही ठिकाणांचे मिळून आहे.

दोन्ही केंद्रांची नावे मी मुद्दाम देत नाही. पहिल्याचे नाव न देण्याचे कारण असे, की तिथे जे पाहिले तेच त्या काठावर आणखी तीन-चार ठिकाणी चाललेले दिसले, आणि एकालाच शिव्या घालून बाकीच्यांना मोकळे सोडणे मला पटत नाही. दुसऱ्याच्या मालकांनी स्वतःच नाव नको म्हटले. तसेही नावावरून केंद्र निवडण्यापेक्षा काठावर उभे राहून दहा मिनिटे नीट बघितले तर अधिक कळते, आणि नेमके काय बघावे हे सांगण्यासाठीच हा मजकूर लिहीत आहे.

माझ्या धंद्याविषयी एक वाक्य लिहिणे आवश्यक आहे, नाहीतर दोराविषयी मी इतका का बोलतो हे वाचणाऱ्याला कळणार नाही. मी एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे आणि क्रेन, साखळ्या, दोरखंड यांच्या तपासणीच्या नोंदी ठेवणे हे माझे रोजचे काम आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ प्रमाणे वजन उचलणाऱ्या प्रत्येक यंत्राची, साखळीची आणि दोराची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा सखोल तपासणी व्हावी लागत असे, आणि ज्या दोरावर सुरक्षित भाराचा बिल्ला नाही तो आम्ही लोखंडाचा एक तुकडा उचलायलाही वापरत नाही. अशी सवय लागलेला माणूस सुट्टीतही दोराकडेच बघतो, याबद्दल घरचे मला हसतात.

पहिल्या केंद्रात माणशी हजार रुपयांत पाच खेळांचे पॅकेज होते. पैसे आधी घेतले, फोन आणि चपला एका पिशवीत ठेवायला सांगितल्या, एका वहीत नावे आणि सह्या घेतल्या. सहीच्या वर छापलेला मजकूर असा होता, की जे काही होईल त्याची जबाबदारी आमची. शेजारी वाळूवर लाइफ जॅकेटांचा ओला ढीग पडला होता आणि त्यातून "आपापले घ्या" असे सांगण्यात आले. माझ्या वाट्याला आलेल्या जॅकेटच्या तीन बकलांपैकी मधले तुटलेले होते आणि त्याच्या जागी निळी नायलॉनची दोरी बांधलेली होती. आतल्या बाजूचा छापील पट्टा धुऊन इतका पांढरा झाला होता, की ते कोणाच्या वजनासाठी आहे, त्याची उचल किती, त्याला कोणाची मान्यता आहे, यातले एकही अक्षर वाचता येत नव्हते. अंगठ्याने आतला फोम दाबला तर पडलेला खळगा पुन्हा भरून आला नाही. उन्हात तापलेला आणि लोकांनी बसायला उशीसारखा वापरलेला फोम असाच मरतो. बाहेरचे कापड भडक नारिंगी दिसत राहते आणि आतली हवा मात्र निघून गेलेली असते.

इथे जॅकेटांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ढिगातून रंग बघून जॅकेट उचलणारे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. मनुष्याचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगण्याच्या बेतातच असते आणि बहुतेक प्रौढांना डोके वर राहण्यासाठी बाहेरून साधारण तीन ते साडेपाच किलोची उचल पुरते. आंतरराष्ट्रीय मानकात ही उचल न्यूटनमध्ये लिहितात आणि ५०, १००, १५० व २७५ असे टप्पे आहेत. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलो. एवढी उचल पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी आहे. १५० न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध माणसालाही उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याच्या हिशोबाने बनवलेले असते. बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या खेळांत बरेचदा ५० न्यूटनचा अंगाला घट्ट बसणारा बिनबाह्यांचा प्रकार वापरतात, कारण वेगात पाण्यावर आपटताना जाड कॉलरचे जॅकेट मानेला हिसका देते. यात गैर काही नाही, पण मग मागे बघणारे डोळे आणि लगेच पोहोचणारी बोट या दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. आपोआप फुगणारी चपटी जॅकेटे मात्र या खेळांसाठी नसतातच.

दुसरी गोष्ट मापाची. जहाजांवरील जीवरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी एक, १५ ते ४३ किलोच्या मुलांसाठी दुसरे आणि ४३ किलोच्या पुढे प्रौढांचे, अशी जॅकेटांची वाटणी वजनावर केलेली आहे. माझी पुतणी अकरा वर्षांची आणि एकतीस किलोची आहे. तिला प्रौढांचे जॅकेट दिले गेले. ते घालून झाल्यावर मी खांद्यावरचे पट्टे धरून वर ओढून पाहिले, तर ते तिच्या कानांच्याही वर गेले आणि हनुवटी आत बुडाली. घरी करून बघण्यासारखी ही सोपी परीक्षा आहे: पट्टे कानापर्यंत आले तर जॅकेट मोठे आहे किंवा सैल आहे, आणि पाण्यात माणूस खाली व जॅकेट वर अशी स्थिती होणार. मांड्यांमधून घेतला जाणारा पट्टा असता तर हे टळले असते. त्या ढिगातील एकाही जॅकेटला तो नव्हता. लहान माप मागितले तेव्हा "ते दुसऱ्या ग्रुपला गेले आहे, काही होत नाही, पाणी उथळ आहे" असे उत्तर मिळाले. तिथेच परत फिरायला हवे होते. आम्ही फिरलो नाही, कारण पैसे दिलेले होते आणि मुले आधीच पाण्यात उतरली होती. ही चूक माझी आहे आणि ती मी केंद्राच्या खात्यावर टाकत नाही.

बनानावर, म्हणजे बोटीमागे दोराने ओढल्या जाणाऱ्या लांबट फुग्यावर, आम्ही सहा जण बसलो, आई काठावर थांबली. ओढणाऱ्या बोटीत एकटा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, होता. दोर बोटीच्या मागच्या एका कोपऱ्यातील कड्याला बांधलेला होता आणि बनानापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर त्या दोरात एक गाठ होती, म्हणजे तो एकदा तुटलेला किंवा तोडलेला दोर होता. गाठ मारलेल्या दोराची ताकद एक तृतीयांशाने आणि कधी कधी निम्म्याने कमी होते, हे आमच्याकडे शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यात सांगितले जाते. अमेरिकेतील वॉटर स्पोर्ट्स उद्योगाच्या संघटनेने अशा फुगवलेल्या राइडसाठी जे आकडे सुचवले आहेत, त्यांत चार जणांच्या राइडच्या दोराची तुटण्याची मर्यादा किमान ४,१०० पौंड, म्हणजे जवळपास १,८६० किलो, आणि सहा जणांसाठी ६,००० पौंड, म्हणजे २,७०० किलोंच्या वर धरली आहे, आणि दोराची लांबी ५० ते ६५ फूट सांगितली आहे. आकडे मोठे वाटतात, पण लाटेत रुतलेली राइड बोट हिसक्याने ओढते तेव्हा दोरावर बसलेल्या माणसांच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो, आणि ताणलेला नायलॉन तुटला की त्याचे टोक चाबकासारखे मागे येते. वेगाची मर्यादा बहुतेक उत्पादक प्रौढांसाठी ताशी ३२ किलोमीटर आणि मुलांसाठी २४ किलोमीटरच्या आसपास लिहितात. आमच्या बोटीचा वेग मोजायला माझ्याकडे साधन नव्हते, म्हणून त्याविषयी आरोप करत नाही.

या राइडमध्ये शेवटी बोट झटकन वळवून सगळ्यांना पाण्यात पाडायचे असते, तोच तिचा खेळ आहे आणि "पाडू का?" असे आधी विचारतात. आम्ही हो म्हटले होते. पण त्या ठरलेल्या वळणाच्या कितीतरी आधी, शेजारून गेलेल्या दुसऱ्या बोटीची लाट आडवी लागली आणि सर्वांत मागे बसलेली पुतणी घसरून पडली. मला ते पाठीमागे मुलाची किंकाळी ऐकून कळले. आम्ही ओरडलो, हात हलवले. इंजिनाच्या आवाजात तांडेलाला काहीही ऐकू गेले नाही आणि तो मागे बघतही नव्हता, कारण समोरून आणखी दोन बोटी येत होत्या आणि त्यांना चुकवणे हे त्याचे काम होते. बोट पुढे जात राहिली. त्याने मागे वळून बघितले तोवर पुतणी शंभर-सव्वाशे मीटर मागे राहिली होती, आणि वेळ सुकतीची, म्हणजे ओहोटीची, होती. सुकतीला कर्लीचे पाणी संगमातून समुद्राकडे निघते. खाडीत पडलेला माणूस पडल्या जागी राहत नाही, तो बाहेर सरकतो. ती दोन्ही हातांनी जॅकेट खाली धरून ठेवत होती, कारण सोडले की ते तोंडावर येत होते.

पुढची गोष्ट मला अधिक गंभीर वाटली. तांडेल घाईने तिच्याकडे आला आणि तिला पकडता यावे म्हणून चालू इंजिनावर बोटीची मागची बाजू तिच्याकडे वळवू लागला. आउटबोर्ड इंजिनाचा पंखा तिथेच असतो. पाण्यातील माणसाजवळ जाताना तो चालकाच्या नजरेसमोरच्या बाजूला राहील अशा बेताने हळू यावे, आणि गियर काढणे पुरेसे नसून इंजिन बंद करावे, हा या धंद्यातला पहिला नियम आहे. सुदैवाने दुसऱ्या एका केंद्राचा जेट स्कीवाला तिथून चालला होता, तो आधी पोहोचला आणि त्याने तिला वर घेतले. जेट स्कीला बाहेर उघडा पंखा नसतो, त्यामुळे अशा वेळी ती बोटीपेक्षा बरी. पुतणीला इजा झाली नाही, खारे पाणी गेल्याने उलटी झाली, एवढेच. काठावर आल्यावर मी केंद्राच्या माणसाशी बोललो तेव्हा त्याने जे विचारले ते शब्दशः असे होते: "जॅकेट दिलेले होते ना?"

त्या एका प्रश्नात या काठावरच्या व्यवसायाची समजूत पूर्ण येते. जॅकेट ही पडल्यानंतरची सोय आहे. पडलेला माणूस कोणाला तरी दिसला पाहिजे, ही तिच्या आधीची. ज्या देशांत हे खेळ फार पूर्वीपासून चालतात, तिथल्या नियमांत ओढणाऱ्या बोटीत चालकाखेरीज मागे बघणारा दुसरा माणूस हवा ही अट जागोजागी आढळते. अमेरिकेतील अनेक राज्यांत त्याचे किमान वयही ठरवून दिलेले आहे, काही ठिकाणी त्याऐवजी मागचे दाखवणारा रुंद आरसा चालतो, आणि सूर्यास्तानंतर माणूस ओढायला मनाई असते. आरशाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पाण्याचे शिंतोडे उडालेल्या आरशात एक डोके आणि एक लाट यांतला फरक कळणे कठीण आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असे मुळीच नाही. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून आलेल्या २०२१ च्या आंतरदेशीय जलयान अधिनियमात यांत्रिक बोटींची पाहणी, नोंदणी, चालकाची पात्रता, जीवरक्षक साधने आणि विमा या सगळ्यांची तरतूद आहे. किनाऱ्यावर परवानगी देणारे महाराष्ट्र सागरी मंडळ आहे, आणि पावसाळ्यात, म्हणजे मे महिन्याच्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत, सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचे हे खेळ बंद ठेवले जातात. २०२१ मध्येच राज्याच्या पर्यटन विभागाने जमीन, हवा आणि पाणी या तिन्ही ठिकाणच्या साहसी खेळांसाठी धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. चालक आणि जीवरक्षक तयार करण्यासाठी गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९० पासून अभ्यासक्रम चालवते, त्यामुळे प्रशिक्षण मिळत नाही ही सबब चालणारी नाही. तरीही २४ मे २०२२ रोजी देवबागच्या शेजारीच तारकर्लीला स्कुबासाठी गेलेली बोट परतताना उलटली आणि दोन पर्यटक गेले, आणि गेट वेहून सुटणाऱ्या बोटींवर प्रत्येक प्रवाशाने जॅकेट घालण्याचा आग्रह डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळल्यानंतरच खऱ्या अर्थाने धरला गेला. पहिल्या केंद्रात मी परवाना बघायला मागितला तेव्हा तो मालकाच्या घरी असल्याचे सांगितले गेले. बोटीच्या कडेवर नोंदणी क्रमांक होता. प्रवासी क्षमतेचा आकडा मात्र शोधूनही सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच काठावर गेलो आणि कोणाशीही न बोलता बोटी बघत बसलो. मला एकच गोष्ट शोधायची होती. पाऊण तासात ओढणाऱ्या नऊ बोटी गेल्या आणि त्यांतल्या दोनच बोटींत दुसरा माणूस मागे तोंड करून बसलेला दिसला. त्या दोन्ही बोटी एकाच केंद्राच्या निघाल्या. घरच्यांना समजावून तिकडे नेण्यात एक तास गेला. भावजय तर पुतणीला पुन्हा पाण्यात उतरवायला तयारच नव्हती, आणि ते स्वाभाविक होते. शेवटी पुतणीनेच हट्ट धरला.

या केंद्रात जॅकेटे बांबूच्या आडव्या काठीवर टांगून सावलीत वाळत घातलेली होती आणि मुलांची वेगळी, पिवळ्या रंगाची होती. एका पोराने प्रत्येकाला समोर उभे करून बकले लावली, खांद्याचे पट्टे ओढून पाहिले आणि पुतणीच्या जॅकेटचा मांड्यांमधला पट्टा स्वतः बसवता येणार नाही म्हणून तिच्या आईकडून बसवून घेतला. निघण्यापूर्वी खुणा सांगितल्या: अंगठा खाली म्हणजे हळू, उघडा तळहात म्हणजे थांबा, आणि पाण्यात पडल्यावर ठीक असाल तर दोन्ही हात डोक्यावर जोडून धरायचे. तसे हात दिसले नाहीत तर आधी तुमच्याकडेच येऊ, असे त्याने सांगितले. हे सगळे मिळून पाच मिनिटेही लागली नाहीत.

बोटीत तांडेलाकडे पाठ करून साठीच्या घरातले एक खलाशी बसले होते. मी त्यांना विचारले, "काका, मध्ये पुढे वळून बघावे लागते का?" ते म्हणाले, "मी फुडे बघूचंयच नाय. फुडचा बघूक तांडेल आसा." नंतर राइडभर मी मुद्दाम त्यांच्याकडे लक्ष ठेवले. शेजारून फोटोवाल्यांची बोट ओरडत गेली, माझ्या भावाने त्यांना हात करून हसवायचा प्रयत्न केला, पण त्यांची नजर बनानाच्या टोकापासून शेपटापर्यंत आणि परत अशी फिरतच राहिली, आणि ओठ हलत होते. उतरल्यावर कळले, की ते डोकी मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि पुन्हा एकपासून. ठरलेल्या वळणावर आम्ही सगळे पडलो तेव्हा त्यांनी हात वर केला, तांडेलाने त्याच क्षणी वेग सोडला, बोट वळसा घेऊन आमच्या अंगावर न येता बाजूने आली आणि इंजिन बंद झाले. पडण्याची जागाही त्यांनी निवडलेली होती. बेटाच्या जवळ ओहोटीला कमरेएवढेच पाणी राहते आणि तिथे वेगात पडले तर माणूस मानेवर वाळूत आपटू शकतो, म्हणून ते खोल भागात नेऊनच पाडतात. आदल्या दिवशी "पाणी उथळ आहे" हा जो दिलासा आम्हाला दिला गेला होता, त्याची किंमत मला तेव्हा कळली.

जेट स्कीविषयी थोडक्यात. मागे केंद्राचा माणूस बसतो आणि मनगटाला लाल दोरी बांधतो, जी सुटली की इंजिन बंद होते. नवख्याने एवढे ध्यानात ठेवावे, की जेट स्की पाण्याच्या झोताने वळते, त्यामुळे घाबरून वेग पूर्ण सोडला की ती वळायचीही थांबते आणि सरळ जाऊन आपटते.

हीच दोरी बोटीच्या तांडेलानेही बांधायची असते, आणि इथे या चांगल्या केंद्राचाही एक गुण कापावा लागेल. त्यांच्या बोटीत ती दोरी सुकाणूच्या चाकाला अडकवून ठेवली होती. विचारल्यावर तांडेल हसला आणि म्हणाला, "हातात गुतता ओ." त्याचे म्हणणे खोटे नाही, पण लाटेच्या धक्क्याने चालक बाहेर फेकला गेला तर पूर्ण वेगातील रिकामी बोट गोल फिरत राहते आणि पाण्यात पडलेल्यांवरच परत येते. इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ मे २०१३ मध्ये नेमके हेच झाले. खाडीच्या मुखाशी एक अख्खे कुटुंब स्पीडबोटीतून बाहेर फेकले गेले, दोरी कोणाच्याच अंगाला नव्हती, आणि मोकळ्या बोटीखाली सापडून वडील आणि लहान मुलगी गेली. मी ही हकिकत तांडेलाला सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि दोरी मांडीला बांधली. आम्ही गेल्यावर ती पुन्हा चाकावर गेली असेल अशी मला शंका आहे.

पॅरासेलिंग, म्हणजे बोटीने दोराने ओढलेल्या छत्रीला लटकून उडणे, मी आणि भाऊ दोघांनीच केले. बोटीवरच उड्डाण आणि बोटीवरच उतरणे, दोर ढोलावर गुंडाळणारे यंत्र मध्यभागी, अशी ही व्यवस्था वाळूवरून धावत सुटण्यापेक्षा पुष्कळ बरी. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर आणि त्याच महिन्यात अलिबागजवळच्या वरसोलीत पॅरासेलिंगचे दोर हवेत तुटले. दोन्हीकडची माणसे पाण्यात पडली आणि जॅकेटांमुळे वाचली. दोर का तुटतो याचे उत्तर बहुधा सोपे असते: उन्हाने नायलॉनचे धागे वरून ठिसूळ होतात, वाळलेल्या मिठाचे कण आतून घासतात आणि गाठीपाशी हे दोन्ही एकत्र येते. या केंद्राचे मालक दोराचे गाठीकडचे टोक ठरावीक दिवसांनी कापून टाकतात आणि नवी गाठ घालतात. मला त्यांनी कापलेले दोन तुकडे दाखवले. एक हातात पिळला तेव्हा बाहेरचे तंतू पांढऱ्या भुकटीसारखे निघाले, आतला गाभा मात्र चकचकीत होता. असा दोर मी कारखान्यात नाकारला असता, आणि त्यांनी नाकारलेलाच होता.

वाऱ्याच्या बाबतीत ते नारळाच्या झावळ्यांवर विसंबतात. झावळ्या एका बाजूला धरल्यासारख्या राहू लागल्या आणि पाण्यावर फेस दिसला की काम बंद, असा त्यांचा हिशोब आहे, आणि म्हणून ते पॅरासेलिंग सकाळी अकराच्या पुढे घेत नाहीत, कारण दुपारी समुद्रावरून येणारा वारा वाढत जातो. अनुभव म्हणून मी याचा मान ठेवतो, पण छत्रीवरचा ताण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, दहा नॉटचा वारा पंधरा झाला की ताण दीडपट न होता सव्वादोनपट होतो, आणि हा फरक झावळीला दिसत नाही. हातात मावेल असे वारा मोजायचे यंत्र त्यांनी घ्यावे, असे मी त्यांना सुचवले आहे. दोर तुटला आणि वारा मंद असेल तर छत्री आपोआप पाण्यावर उतरते. जोराचा असेल तर ती माणसाला पाण्यावरून किंवा थेट माडांकडे ओढत नेते, आणि तिथे जॅकेटचा उपयोग नाही.

बाकी उणिवा किरकोळ नाहीत, पण सुधारण्यासारख्या आहेत. जॅकेटांपैकी निम्म्यांच्या शिट्ट्या गायब होत्या. बोटीत फेकण्याचे गोल कडे होते, पण त्याचा दोर कड्यालाच गुंडाळून गाठ मारलेला होता, म्हणजे गरज पडेल तेव्हा आधी गाठ सोडावी लागणार. अग्निशामक नळकांडे पेट्रोलच्या कॅनच्या मागे दडलेले होते. परवान्याची प्रत मात्र खोपीच्या दर्शनी भागात लावलेली होती, आणि विम्याची तारीख मी वाचली, ती चालू होती. कपडे बदलायला जागा अपुरी आहे, आणि गोड्या पाण्याचा एकच नळ आहे.

पहिल्या केंद्राला मी पाचपैकी एक गुण देतो, तोही बोट वेळेवर सुटली म्हणून. दुसऱ्याला चार. दुसऱ्याचे पॅकेज माणशी साडेअकराशेचे आहे, म्हणजे पहिल्यापेक्षा दीडशे रुपयांनी महाग, आणि काठावर घासाघीस करणारे लोक त्यांच्याकडून उठून शेजारी जाताना मी दोनदा पाहिले. निघताना मी मालकांना विचारले, की शेजाऱ्यापेक्षा दर जास्त कसा. त्यांनी हिशोबाची वही बंद केली आणि पाण्याकडे बोट दाखवले. पुढची राइड निघाली होती, काका तांडेलाकडे पाठ करून बसले होते. "तेंचो रोज," मालक म्हणाले.